इंजिनात हवा कोंबायची तर

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, पोरांनो, पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं. इंजिनाचं अडतं ते हवेपाशी. सिलिंडरमध्ये जास्त हवा गेली, तरच जास्त इंधन जळेल.

गॉटलीब डाइमलरने सिलिंडरमध्ये जादा हवा भरण्याचं पेटंट १८८५ मध्येच घेतलं होतं. विकायच्या गाडीत ती कल्पना उतरायला १९२१ उजाडलं. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने कॉम्प्रेसरवाल्या, म्हणजे सुपरचार्जर बसवलेल्या, गाड्या मांडल्या. त्यातल्या एकीचं पुढचं नाव १०/४०/६५. पहिला आकडा करआकारणीचा, दुसरा कॉम्प्रेसरविना अश्वशक्तीचा, तिसरा कॉम्प्रेसरसह. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला, की क्लच जुळून कॉम्प्रेसर फिरू लागे. त्याला फिरवण्याची ताकद इंजिनच देई.

हा खर्च वाचवण्याची वाट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच दाखवली होती. त्यांच्या टर्बोत धुराड्यातून वाया जाणारा वायूच चक्र फिरवतो. पण इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना वायूही कमी, म्हणून पाय दाबल्यावर पिकअप क्षणभर उशिरा येतो.

हा क्षण विजेने भरून काढला. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ डिझेलमध्ये दोन टर्बोंच्या जोडीला विजेवरचा कॉम्प्रेसर आहे. तो पाव सेकंदात मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोचतो. त्यासाठी सात किलोवॉट, ४८ व्होल्टची वेगळी व्यवस्था आणि स्वतंत्र लिथियम बॅटरी लागते. टर्बो जागा झाला, की या कॉम्प्रेसरचं काम संपतं. हा सुपरचार्जर खरा, आणि त्याचा फायदाही खरा.

एअर फिल्टरच्या नळीत बसवायचा १२ व्होल्टचा स्वस्त पंखा मात्र याच नावाने विकला जातो, आणि नवी पोरं कष्टाचे पैसे त्यात घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हिशेब करा. दीड लिटरचं इंजिन ६,००० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण साडेचार हजार लिटर हवा ओढतं. तिथे अर्धा बार दाब चढवायला पाच-सहा किलोवॉट हवेत, म्हणजे १२ व्होल्टवर चारशेहून जास्त अँपिअर. लहान गाडीचा अल्टरनेटर फार तर शंभराच्या आसपास देतो. पंख्याच्या बारीक वायरीतून एवढा करंट जाणारच नाही. उलट फेऱ्या वाढल्या, की तो पंखाच हवेच्या वाटेत आडवा येतो.

तेव्हा विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा : हा किती किलोवॉटचा? उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे नव्या एअर फिल्टरला आणि वेळेवर सर्व्हिसिंगला लावा.