परतून आलेले डॉक्टर

आमच्या प्रताप नगरातले एक शेजारी यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार करतात. माल जिथे तयार होतो तिथेच जाऊन बसावे, या हिशेबाने यंदा त्यांनी बिऱ्हाड चीनमध्ये, ग्वांगझौला हलवायचे ठरविले. पहिली दोन वर्षे मिळकत निम्मीच राहणार, म्हणून वहिनींच्या कपाळावरची आठी काही उतरेना. परवा फराळाला गेलो तर म्हणाल्या, "अहो मास्तर, चालता धंदा सोडून नागपूरचा माणूस कधी चीनला गेला होता का हो?"

गेला होता, आणि उतरला होता तोही याच बंदरात. तेव्हा त्याला कँटन म्हणत.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू-दे यांनी पंडित नेहरूंकडे पत्राने मदत मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषबाबूंकडे होते. त्यांनी निधी जमविला आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, उपप्रमुख आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर. बसू आणि मुखर्जी हे दोघे कलकत्त्याचे, आणि पाचवे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने त्यांनी मुंबई सोडली.

वर्गात कोटणीसांचे नाव काढले की दहा हात वर होतात. शांतारामबापूंनी १९४६ सालीच त्यांच्यावर चित्रपट काढला होता. पण "चोळकर कोण?" असे विचारले तर नागपूरची मुले माझ्याच तोंडाकडे बघतात!

कोटणीस तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते. पुढच्या परीक्षेची तयारी चालली होती, दवाखाना अजून मांडायचा होता. चोळकर पाचांत वडील, पन्नाशी ओलांडलेले. त्या काळचा डॉक्टरचा दवाखाना म्हणजे एका परीने दुकानच की! कंपाउंडर, मिश्रणाच्या बाटल्या, त्यांवर मात्रेच्या खुणांसाठी चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी, आणि वर्षानुवर्षे बांधलेली घरे. डॉक्टर चार महिने दिसला नाही की ही घरे दुसऱ्याची पायरी चढतात. रोग्याला ताप आज येतो, तो डॉक्टर चीनहून परतेपर्यंत थांबत नाही. आमच्या शेजाऱ्यांची मिळकत निम्मी होणार. स्वयंसेवक म्हणून गेलेल्या चोळकरांना तर निम्मीचाही भरवसा नव्हता.

१७ सप्टेंबरला मंडळी कँटनला पोचली. सुन्-यत्-सेन यांच्या पत्नीने त्यांचे स्वागत केले. २१ ऑक्टोबरला कँटन जपान्यांच्या हाती पडले, पण पथक त्याआधीच हांकौकडे गेले होते. हांकौही पडणार असे दिसू लागले, तशी मंडळी यांगत्सेने वर चुंगकिंगला आली. तिथे प्रत्येकाला चिनी नाव मिळाले, शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर जोडलेले. चोळकर झाले झुओ केहुआ, कोटणीस के दीहुआ. कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली तीही तिथेच. सोबती म्हणाले घरी जा, ते गेले नाहीत.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोचले. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांत माणसे राहत, रोगीही तिथेच. जेवायला राळ्याचा भात. उत्तर चीनमधली ती थंडी! मे महिन्याच्या झळा सोसणाऱ्या नागपूरकराला तिची कल्पना घरबसल्या यायची नाही. चोळकरांनी तिथे काम केले, पण वय आणि प्रकृती साथ देईनात. त्याच वर्षी ते आणि मुखर्जी परतले. अटल १९४० मध्ये परतले, बसू १९४३ मध्ये. कोटणीस मात्र १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले.

जो गेला त्याचा पुतळा होतो, जो आजारी होऊन घरी आला त्याची आठवण कोण ठेवणार? मला हा हिशेब पटत नाही. कोटणीसांनी आयुष्य दिले, त्यापुढे मी मान लववितो. पण ज्या वयात माणूस बसल्या जागी मिळणाऱ्या रुपयाला जपतो, त्या वयात चोळकरांनी बोटीची शिडी चढली होती.

हे सारे मी शेजाऱ्यांकडे सांगितले. शेजारी गप्प राहिले. वहिनींनी तेवढे एकच विचारले, "म्हणजे परत आले ना ते नागपूरला?"

"आले."

"मग झालं तर," असे म्हणून त्यांनी चकल्यांची ताटली माझ्यापुढे सरकविली.