भिवंडी परिसरातील लिपिपरंपरा : सोपाऱ्याच्या ब्राह्मीपासून मोडीपर्यंत

भिवंडीची ख्याती यंत्रमागांमुळे आहे. लिपींच्या इतिहासात या शहराचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः येथे आज चार लिपी नित्य व्यवहारात आढळतात. मराठी व हिंदीची देवनागरी, मोमीन विणकरांची उर्दू, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू आणि इंग्रजीची रोमन. वरकरणी या चौघींचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु उर्दूची मूळ अरबी लिपी आणि रोमन लिपी या दोन्ही फिनिशियन वर्णमालेपासून निघालेल्या आहेत. पहिली अरामी व नबाती लिपींच्या मार्गाने, दुसरी ग्रीक व एत्रुस्कन लिपींच्या मार्गाने. नागरी आणि तेलुगू यांचे मूळ ब्राह्मीत आहे. ब्राह्मीच्या उगमाविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. ब्यूलर यांनी ती सेमिटिक लिपीपासून सिद्ध झाल्याचे प्रतिपादन केले, तर अन्य अभ्यासकांनी तिला स्वतंत्र भारतीय निर्मिती मानले. हडप्पा लिपीशी तिचा संबंध जोडण्याचे प्रयत्नही झाले. पण ती लिपीच अद्याप निर्विवादपणे वाचली गेलेली नसल्याने त्या मताला आधार मिळत नाही. काही अक्षरांची वळणे बाहेरून आली असे मान्य केले, तरी कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हा वर्णक्रम भारतीय ध्वनिविचाराचाच आहे, हे नाकारता येणार नाही.

या वादाचा एक महत्त्वाचा पुरावा भिवंडीपासून फार दूर नाही. नालासोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा भागही सापडला. विहारयात्रेऐवजी धर्मयात्रा करावी, हा आठव्या लेखाचा विषय. हाच लेख वायव्येकडील शाहबाजगढी येथे खरोष्ठीत कोरलेला आहे आणि खरोष्ठी अरामीपासून निघाली, हे सर्वमान्य आहे. कंदाहार येथे १९५८ मध्ये सापडलेला अशोकाचा लेख तर ग्रीक व अरामी अशा दोन भाषांत व लिपींत आहे. अर्थात आज्ञा एकाच राजाची, लिपी मात्र त्या त्या प्रदेशातील वाचकाची. सोपारा हे गजबजलेले बंदर होते; तेथील वाचकासाठी ब्राह्मी निवडली गेली.

मध्ययुगात ही परंपरा पुष्कळ बदललेली दिसते. कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ मध्ये पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली. शिलाहारांचे लेख नागरीत आहेत. भिवंडी तालुक्यातील लोनाड येथे शके ११०६ (इ. स. ११८४) चा अपरादित्याचा लेख आणि शेजारच्या चौधरपाडा येथे शके ११६१ चा केशिदेवाचा लेख मिळाला आहे. दगडावरील नागरी ही दानाची आणि शापाची लिपी होती. ती सावकाश कोरली जाई.

कागदावरचे लेखन असे सावकाश चालत नाही. मोडीची गरज येथेच निर्माण झाली. यादवांचा मंत्री हेमाद्री याने मोडी प्रचारात आणली, असे परंपरा सांगते. तिला एका व्यक्तीचे कर्तृत्व मानण्यापेक्षा कारकुनी व्यवहारात हळूहळू घडलेली लिपी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आधी पानभर शिरोरेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जावयाचे, अशी तिची रीत होती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, शब्दांमध्ये अंतर सोडले जात नसे. गती साधली, पण वाचन सरावावर अवलंबून राहिले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी जिंकून घेतल्यानंतर, पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमदानीतही या प्रांताचा मराठी कारभार मोडीतच चालला.

ही लिपी मागे पडली ती निरुपयोगी ठरली म्हणून नव्हे. छापखान्याने बालबोध लिपीला पसंती दिली. १९१७ मध्ये मुंबई सरकारने दप्तरी कामासाठी मोडीऐवजी बालबोधचा अवलंब करण्याचे ठरविले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी नाहीशी झाली. दोन पिढ्यांत वाचक संपले. याला पूर्वीचा दाखला आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा त्यावरील लेख कोणासही वाचता आला नाही. १८३७ मध्ये प्रिन्सेप यांनी उलगडा करीपर्यंत ब्राह्मी मुकीच होती. फरक एवढाच की, ब्राह्मीतील मजकुरावर कोणाचा हक्क अवलंबून नव्हता. मोडीतील जमिनीच्या, वारसाच्या व जातीच्या नोंदींवर तो आजही अवलंबून आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा जुन्या दप्तरांसाठी मोडी जाणणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. शेतकऱ्याच्या घरच्या पेटीतील कागद त्याच्या आजोबांच्या भाषेतच असतो, पण नातवाला तो पैसे देऊन वाचवून घ्यावा लागतो आणि वाचणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

२०१४ मध्ये मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाला, त्यामुळे ती संगणकावर लिहिणे शक्य झाले. हस्तलिखित मोडी वाचण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते, आणि ते ओळखणारा डोळा जुन्या दप्तरांवर बसूनच तयार होतो.