काडतुसाची मान

धार जिल्ह्यातील गंधवानीच्या उत्तरेस अमझेरा आहे. तेथील राजा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी देण्यात आली. त्याआधी १ जुलै १८५७ रोजी इंदूर व महू येथे उठावाचा भडका उडाला होता आणि ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने धारचा किल्ला वेढला होता. या उठावाची चर्चा निघाली की काडतुसावरील चरबीचा विषय येतोच. परंतु काडतुसात दारू आणि गोळी एकत्र धरून ठेवणारे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसात ते काम कागद करी. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली ठासायची. १८५७ च्या प्रारंभी कागद हाताने फाडण्याची मुभा देण्यात आली. पण तोवर विश्वास उडाला होता. मात्र याच कागदी काडतुसाचा एक गुण ध्यानात घ्यावा : कागद, शिसे व दारू जमली की ते कोणत्याही संस्थानाच्या दारूखान्यात वळता येई.

पुढे पितळी काडतूस आले आणि गोळी धरण्याचे काम त्याच्या मानेकडे गेले. मान गोळीहून किंचित अरुंद ठेवल्याने तिची पकड बसते. शिवाय मानेचे पितळ गोळीवर आत दाबले, की बंदुकीच्या धक्क्याने खजिन्यातील गोळी मागे सरकत नाही. पकड प्रत्येक काडतुसात सारखी नसेल, तर दारूचा दाबही सारखा राहत नाही आणि नेम बिघडतो. .३०३ च्या काडतुसात तर कॉर्डाइटच्या काड्या आधी भरून मग मान घडवीत. अशी अचूकता यंत्रावाचून साधणे कठीण होते.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला. धारचे जप्त संस्थान पवारांना १८६० पर्यंत परत मिळाले होते, अमझेरा शिंद्यांकडे गेले होते. राज्ये राहिली, पण नव्या बंदुकीचे काडतूस त्यांच्या दारूखान्यात घडेना. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखातील प्रजेवर परवान्याचे बंधन घातले. संस्थानांच्या बाबतीत कायद्याइतकेच काम पितळाच्या त्या अरुंद मानेने केले. दातांचा प्रश्न मिटला, आणि त्याबरोबर शस्त्रांचे स्वावलंबनही सरले.