स्वर्णरेखेचे ऋण

सन १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिचेच पुढे ‘लष्कर’ हे नगर झाले. छावणी आज असते, उद्या उठते; सांडपाण्याची चिंता तिला नसते. नगराला ती टाळता येत नाही.

पिण्याच्या पाण्याची चिंता मात्र येथे मनापासून वाहिली गेली. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत सांक नदीवर तिघरा धरण झाले. त्याला विश्वेश्वरय्या यांच्या योजनेची स्वयंचलित दारे बसविण्यात आली. १९१७ च्या ऑगस्टात पायाच्या खडकात पाणी मुरून ते फुटले, तरी पुन्हा उभारले गेले. पाणी आणण्यासाठी एवढी जिद्द दिसली. वापरलेले पाणी नेण्याचे काम मात्र लष्करातून वाहणाऱ्या स्वर्णरेखेवर सोपविले गेले. नदीचा नाला झाला.

याचा परिणाम घराघरांत पोहोचतो. नळाचे पाणी बंद होताच वाहिनीतील दाब उतरतो आणि जुन्या सांध्यांतून भोवतालची घाण आत शिरते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांची वाट तीच. पुढे हवाही मलिन झाली. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत ग्वाल्हेरच्या हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम होते. त्या वेळची शिफारस होती १०.

किल्ला आणि संगीत यांचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. स्वर्णरेखेचे हे ऋणही त्याच वारशात आहे, आणि ते फेडणे आपल्याकडेच आले आहे.