पोलादी साचे आणि न उघडलेली खोकी

एखादी वस्तू दुर्मिळ का होते, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे, की ती मुळातच थोडी बनली. अमेरिकन मोटारींच्या प्लॅस्टिक किट्सना हे उत्तर लागू पडत नाही. १९६० च्या दशकात ही किट्स गल्लीबोळातल्या दुकानांतून विकली जात. शाळकरी मुलांना ती खाऊच्या पैशांत परवडत आणि एखादे बिघडले तर दुसरे आणता येई. तरीही त्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांचे न जुळवलेले किट आज शोधून सापडत नाही, आणि सापडलेच तर त्याची किंमत ऐकून आपण ते हलकेच खाली ठेवतो. मुबलक बनलेली वस्तू इतकी विरळ कशी झाली? छंदी लोक याचा दोष हसतहसत स्वतःच्या बालपणाला देतात: आम्हीच ती जुळवली, आदळली, फटाके लावून उडवली. हे खरेच आहे, पण अर्धेच. कारण मुले जगभर खेळणी मोडतात, आणि कारखाने ती पुन्हा बनवतात. इथे कारखान्यांना ती पुन्हा बनवता आली नाहीत. त्याचे कारण खेळण्यांच्या इतिहासात नसून मोटारींच्या इतिहासात आहे.

जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात एक धोरण रुजवले. गाडी झिजल्यावर नव्हे, तर तिचा मालक तिला कंटाळल्यावर नवी विकली गेली पाहिजे. त्यासाठी दरवर्षी तिचे रूप थोडे पालटायचे. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली कंपनीत रूपरचनेचा स्वतंत्र विभागच सुरू झाला. यंत्र तेच, सांगाडा पुष्कळदा तोच. पण समोरची जाळी, मागचे दिवे आणि क्रोमच्या पट्ट्या दर वर्षी वेगळ्या. महायुद्धानंतर या वार्षिक कायापालटाला उधाण आले. शरद ऋतूत पुढल्या वर्षाच्या गाड्या विक्रेत्यांच्या दालनात येत आणि काल नवी असलेली गाडी रातोरात जुनी होई.

याच दालनांत आपल्या छंदाचा जन्म झाला. विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या हाती ठेवण्याजोगी एखादी लहानशी गाडी हवी होती: रंग दाखवायला उपयोगी, बरोबर आलेल्या मुलाला खूश करणारी. १९४८ मध्ये डेट्रॉइट परिसरातले वकील वेस्ट गॅलोग्ली यांनी अशा गाड्या बनवणारी कंपनी काढली. पहिली प्रतिकृती फोर्डच्या सेदानची, ॲल्युमिनियमची ओतीव आणि फोर्डच्याच रंगात रंगवलेली होती. कंपनीचे नावही ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’, म्हणजे एएमटी. ॲल्युमिनियम लवकरच मागे पडले आणि प्लॅस्टिक आले. नावातली आद्याक्षरे मात्र राहिली. डेट्रॉइटमध्येच जॉन हॅन्ली यांची जो-हॅन ही कंपनी कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, प्लिमथ अशा गाड्यांच्या प्रतिकृती बनवू लागली. या छोट्या गाड्यांना ‘प्रोमो’ म्हणत. बहुतेक प्रोमो १:२५ या प्रमाणात असत.

हे प्रोमो वरकरणी खेळणे असले तरी ते बनवण्याची पद्धत खेळण्यासारखी नव्हती. गाडी बाजारात येण्याच्या आधीच मोटार कंपनी तिची रेखाचित्रे प्रतिकृतिकारांच्या हवाली करी, कारण दालनाचे दार उघडेल त्या दिवशी लहान गाडीही तयार हवी. आकाराने मोठा लाकडी नमुना कोरला जाई. मग पँटोग्राफ नावाच्या यंत्राची एक सुई त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसरे टोक तीच वळणे लहान प्रमाणात पोलादात कापत जाई. अशा रीतीने तयार झालेल्या साच्यात वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने शिरवले की काही सेकंदांत गाडीचे कवच बाहेर येई. प्लॅस्टिक स्वस्त होते. सारा खर्च आणि सारे कसब त्या पोलादी साच्यात असे.

१९५८ मध्ये एएमटी आणि तिची भावंड-कंपनी एसएमपी यांना एक साधीच गोष्ट सुचली. प्रोमोसाठी साचा बनतोच आहे, तर त्याच साच्यातून निघालेले भाग न जुळवता खोक्यात घालून मुलांना का विकू नयेत? सोबत थोडे जादा भागही द्यावेत. खोक्यावर ‘तीनातली एक’ अशा अर्थाची जाहिरात असे: गाडी कारखान्यातून येते तशी जुळवा, मनाजोगती नटवा, नाही तर शर्यतीची करा. पहिल्या किट्समध्ये इंजिन नसे. काही वर्षांत तेही आले. दर शरद ऋतूत खरी गाडी दालनात आणि तिचे किट दुकानात, असा पायंडा पडला.

या ‘तीनातली एक’चे महत्त्व केवळ विक्रीपुरते नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेत मुलांसाठी मोटारप्रतिकृतींचा दुसरा एक उपक्रम चालू होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये सुरू केलेल्या ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ या स्पर्धेत मुलग्यांनी आधी राजेशाही बग्गीची आणि पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृती हाताने घडवायची असे. बक्षीस म्हणून महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मिळे. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागाचा प्रमुख झाला. ही स्पर्धा १९६८ मध्ये बंद पडली. तिला लागणारी चिकाटी, हत्यारे आणि शेकडो तास थोड्यांच्याच जवळ असत. किटने तीच मुभा अत्यंत सौम्य रूपात सर्वांना दिली. रूपरचनाकार नव्हे, पण निदान निवड करणारा, कापणारा, जोडणारा, एका खोक्यातला बंपर दुसऱ्या खोक्यातल्या गाडीला लावणारा हात त्यातून घडला. खोक्यातल्या सूचना पाळणे हा नियम नव्हता. त्या मोडण्यासाठीच जादा भाग दिलेले असत.

आता दुर्मिळतेकडे वळू. वर्ष संपले की खरी गाडी जुनी होई, आणि तिच्याबरोबर तिचे किटही. पुढल्या वर्षाच्या गाडीत बदल थोडेच असत. मग एवढा महागडा साचा नव्याने कशाला कापायचा? आहे त्याच साच्यात जाळी बदलली, दिव्यांच्या खोबणी भरून नव्या कोरल्या, की १९६२ च्या गाडीची १९६३ ची गाडी झाली. पण त्या क्षणी १९६२ ची गाडी कायमची गेली. पोलादातून कापलेले परत येत नाही. पुढे गाडीचे मूळ रूपच पालटले की त्या साच्याचे अखेरचे रूपांतर होई: चाकांच्या कमानी रुंद कापून, आतली आसने काढून, तिची शर्यतीची गाडी बनवून काही वर्षे विकायची. आपण मराठीत ‘साचेबंद’ हा शब्द न बदलणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो. इथे साचाच सर्वांत अस्थिर होता. किट बनवणारे कारखाने मोटार कंपन्यांच्या वार्षिक विस्मरणाचे लहान प्रमाणातले अनुकरण करत होते, आणि तेही मूळ गाडीइतक्याच काटेकोरपणे.

यातून एक गमतीदार उलटापालट झाली. एएमटीने १९५९ पासून ‘ट्रॉफी सीरिज’ नावाने जुन्या गाड्यांची किट्स काढली. त्यांतली पहिली १९३२ ची फोर्ड रोडस्टर. तरुण मुले भंगारातून असल्या गाड्या उचलून त्यांत जबर इंजिने बसवत, त्या हौसेला उद्देशून हे किट होते. या गाडीचे रूप पुढल्या वर्षी बदलणार नव्हते, कारण ती आधीच सत्तावीस वर्षांची होती. साहजिकच तिच्या साच्यावर वार्षिक छिन्नी चालली नाही, आणि ते किट पुढल्या दशकांत पुन्हा पुन्हा निघत राहिले. जी गाडी बनतेवेळी नवीकोरी होती तिचे किट नाहीसे झाले. जी तेव्हाच जुनीपुराणी होती तिचे टिकले.

याहून तीव्र उदाहरण क्रायस्लरच्या टर्बाइन मोटारीचे आहे. विमानासारखे टर्बाइन इंजिन असलेल्या या गाडीची कवचे इटलीत घिया या कंपनीत बनली. नमुने धरून एकूण पंचावन्न गाड्या. त्यांतल्या पन्नास गाड्या १९६३ ते १९६६ या काळात २०३ सामान्य चालकांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. डिझेलवर आणि केरोसीनवरही चालणारी, तांबूस रंगाची ही गाडी रस्त्यावर दिसली की लोक थांबून पाहत. प्रयोग संपला आणि कंपनीने शेहेचाळीस गाड्या नष्ट केल्या, नऊ उरल्या. जो-हॅनने मात्र त्याच काळात या गाडीचे अतिशय बारकाईने केलेले किट काढले होते, त्यात ते टर्बाइन इंजिनही होते. ही गाडी पुढल्या वर्षी नव्या रूपात आलीच नाही. म्हणून तिचा साचा कापला गेला नाही, आणि किट नंतरही निघाले. खरी गाडी बहुतेकांना संग्रहालयातच पाहता येते. तिचे नाक कसे होते, मागचे दिवे कोणत्या कोनात बसवले होते, हे बोटांनी चाचपून ज्यांना कळले, त्यांना ते पंचविसाव्या हिश्श्याच्या प्लॅस्टिकमुळे कळले.

यानंतरची कथा थोडक्यात अशी. १९७० च्या दशकात प्रोमोंची चाल ओसरू लागली, मुलांचे लक्ष अन्यत्र गेले. १९७८ मध्ये एएमटी ब्रिटिश लेस्नी कंपनीकडे गेली, १९८० च्या दशकाच्या आरंभी अर्टलकडे. साचे गावोगाव फिरले. काही गंजले, काही हरवले. दरम्यान ती शाळकरी मुले चाळिशीला आली आणि आपण काय गमावले ते शोधू लागली. आधी हौशी कारागिरांनी जुन्या कवचांवरून सिलिकॉन रबराचे साचे घेऊन राळेत प्रती ओतल्या. अलीकडे एएमटी आणि एमपीसी ही नावे चालवणाऱ्या राउंड टू या कंपनीने जुन्या प्रतींवरून नवे पोलादी साचे बनवून काही हरवलेली किट्स परत आणली आहेत. यासाठी लागते ती एखादी शाबूत, न जुळवलेली प्रत. म्हणजे कोणा मुलाला वाढदिवसाला मिळालेली आणि त्याने कधीच न उघडलेली. किंवा दुकानाच्या माळ्यावर विसरलेली. ज्याला कोणी हात लावला नाही ते खोके आज इतिहासाचा पुरावा आहे. संग्राहकांनी ही खोकी जपली, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण हा पुरावा कशाचा आहे, हेही पाहिले पाहिजे. न उघडलेले खोके कंपनीने काय विकले ते सांगते. त्याचे मुलांनी काय केले, ते सांगत नाही. आणि हा छंद म्हणजे तर ‘काय केले’ तेच होते. तीनांतली कोणती निवडली, कमान कुठे कापली, आईच्या नखांचा रंग बॉनेटला लावला की काय, हे सारे फक्त जुळवलेल्या गाडीतच वाचता येते. अशा गाड्या अधूनमधून जुन्या सामानात निघतात: सांध्यांतून डिंकाचे ओघळ आलेले, काचेवर अंगठ्याचा ठसा कायमचा वितळून बसलेला, ब्रशचे फराटे. छंदी लोक त्यांना थट्टेने ‘ग्लू बॉम्ब’, डिंकाचा गोळा, म्हणतात. त्या स्वस्तात घेतात, द्रावणात बुडवून रंग उतरवतात, सांधे हलकेच उकलतात, आणि आतून कारखान्यातल्यासारखे कवच बाहेर काढतात. त्यातले कसब थक्क करणारे आहे, आणि अनेक दुर्मिळ कवचे केवळ त्यामुळे वाचली आहेत.

तरीही असे वाटते, की त्या द्रावणात रंगाबरोबर दुसरेही काही उतरते. कारखान्याने १९६३ साठी १९६२ चा साचा कापला, तेव्हा त्याला कोणी दोष दिला नाही; जुने ते निरुपयोगी हा तेव्हाचा शहाणपणा होता. आज आपण १९६२ परत मिळवण्यासाठी एका दहा वर्षांच्या मुलाची एक दुपार पुसतो, आणि तीही आपल्याला निरुपयोगीच वाटते. त्या मुलाचे नाव कुठल्या सूचीत नाही. त्याची दुसरी प्रत कुठल्या माळ्यावर सापडणार नाही. कवचाच्या प्रती आता नव्या साच्यातून हव्या तितक्या निघू शकतात. ज्या गाडीचे किट असे परत आले आहे, निदान तिच्या बाबतीत तरी, हाती आलेला ‘डिंकाचा गोळा’ द्रावणात टाकण्याआधी थोडे थांबायला हरकत नसावी. त्याचे एक छायाचित्र काढावे, कोणत्या खोक्यातला कोणता भाग लावला आहे ते लिहून ठेवावे. आणि एखादा, फारच वेडावाकडा असेल तर, आहे तसाच फळीवर ठेवावा, न उघडलेल्या खोक्याच्या शेजारी.