श्रमणाऱ्या हातांवरील डोळा

आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर माझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय घरी जात नाहीत. मुंबईतील एका यंत्रकारखान्यात त्यांनी तीस वर्षे लेथ चालवला. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "फादर, घड्याळवाला साहेब शेजारी येऊन उभा राहिला की आम्ही हात जरा जड करायचो. त्यालाही ते कळायचे. मग तो आपल्या अंदाजाने काही वेळ कापून कागदावर लिहायचा. तेही आम्हाला ठाऊक असायचे." त्यांचा नातू सोबत होता. तो एका मोठ्या गोदामात माल बांधण्याचे काम करतो. तेथे छताला कॅमेरे आहेत आणि कोण किती वेळ आपल्या जागेवर नव्हता याचा तक्ता आठवडा संपताना लागतो. तो म्हणाला, "आजोबा, तुमचा साहेब दिसायचा तरी. आम्ही हात जड करायचा तो कोणासमोर?"

नातवाचा हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. माणसाची हालचाल टिपून तो कोणते काम करीत आहे हे ओळखणारे यंत्र आज जे काही आहे, ते एका रात्रीत आकाशातून पडलेले नाही. त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मोठा विलक्षण आहे.

या डोळ्याचा जन्म कारखान्यात झाला नाही. तो पॅरिसमधील एका शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत झाला. एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांना घोडा कसा धावतो, पक्षी कसा उडतो, माणूस कसा चालतो हे जाणून घ्यायचे होते. १८८२ साली त्यांनी बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. त्याने एका सेकंदात बारा छायाचित्रे घेता येत. पुढे एकाच काचेवर हालचालीच्या अनेक अवस्था टिपताना अडचण आली. चित्रांवर चित्रे चढून सारा गोंधळ होई. मारे यांनी शोधलेला उपाय फार अर्थपूर्ण आहे. त्यांनी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख चढविला, त्याच्या हातापायांवर चकाकणाऱ्या पट्ट्या व सांध्यांवर ठिपके लावले आणि त्याला काळ्या पार्श्वभूमीपुढून चालविले. काचेवर माणूस उमटलाच नाही. उमटल्या त्या केवळ रेषा! चेहरा पुसल्यावाचून गती दिसत नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा. १८९४ च्या सुमारास शार्ल फ्रेमाँ या संशोधकाने मारे यांच्याच पद्धतीने घण मारणाऱ्या लोहारांची छायाचित्रे घेतली. अशा रीतीने हा डोळा प्रथम श्रमणाऱ्या माणसावर स्थिरावला.

अटलांटिकच्या पलीकडे दुसरीच धारा वाहत होती. तेथे कॅमेरा नव्हता, घड्याळ होते. फ्रेडरिक टेलर यांनी १८८० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजण्यास आरंभ केला. पुढे बेथलेहेम येथे कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुराचे त्यांनी दिलेले उदाहरण जगभर गाजले. दिवसाला साडेबारा टन वाहणारा माणूस साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटवर गेली. काम जवळजवळ चौपट झाले आणि मोबदला दीडपटीहून थोडा अधिक. टेलर यांना यात काही वावगे वाटले नाही. ते लबाड नव्हते. मालक व मजूर यांचे भांडण शास्त्राने मिटेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रामाणिक माणसाची चूक अधिक महाग पडते, एवढेच.

१९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रकारखान्यात ओतकाम करणाऱ्या एका कामगाराने आपल्या कामावर घड्याळ लावून घेण्यास साफ नकार दिला. त्याला कामावरून काढले आणि त्याचे सोबती काम सोडून बाहेर पडले. संप जेमतेम आठवडाभर चालला, पण त्याचे पडसाद वॉशिंग्टनमध्ये उमटले. प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे स्वतः टेलर यांची दीर्घ साक्ष झाली आणि १९१५ साली लष्कराच्या खर्चाच्या विधेयकात अशी अट घालण्यात आली की, या पैशातून कोणत्याही कामगारावर स्टॉपवॉच धरणाऱ्याचा पगार दिला जाऊ नये. ही अट १९४९ पर्यंत टिकली. घड्याळवाला समोर उभा होता म्हणून त्याला नाही म्हणता आले, ही गोष्ट पुढच्या कथेसाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

घड्याळ आणि कॅमेरा यांचे लग्न लावले ते फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने. त्यांच्याविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते. फ्रँक मुळात गवंडी. वीट उचलण्यासाठी गवंडी दर वेळी खाली वाकतो, म्हणजे स्वतःच्या देहाचे ओझेही उचलतो, हे त्यांनी अंगमेहनतीतून जाणले होते. विटा कमरेच्या उंचीवर ठेवणारी, भिंतीबरोबर वर चढणारी परांची त्यांनी तयार केली. एका विटेमागील अठरा हालचाली पाचांवर आल्या आणि तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० लावू लागला. १९१२ पासून त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा कारखान्यात नेला. चौकटीत कामगाराशेजारी एक वेगवान घड्याळ ठेवलेले असे, म्हणजे प्रत्येक चित्रावर वेळही उमटे. नंतर त्यांनी कामगाराच्या बोटांवर विजेचे छोटे दिवे बांधले आणि कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवून हाताचा सारा मार्ग प्रकाशरेषेत टिपला. या रेषांवरून ते तारेच्या आकृत्या बनवीत व कामगाराच्या हाती देत. आपलाच हात हवेत कसा फिरतो, हे त्याला तारेवरून बोट फिरवून समजे.

हातांच्या सर्व कामांचे त्यांनी मूलभूत तुकडे पाडले. शोधणे, निवडणे, पकडणे, नेणे, जुळवणे, सोडणे असे हे तुकडे. त्यांना आपलेच आडनाव उलटे फिरवून 'थर्ब्लिग' असे नाव दिले. आजचा संगणक कामगाराच्या कृतीचे ज्या तुकड्यांत विभाजन करतो, त्यांचे मूळ येथे आहे. मात्र त्या यादीत आणखी एक तुकडा होता: थकवा घालविण्यासाठी विश्रांती. त्याचे चिन्ह होते बसलेला माणूस. लिलियन मानसशास्त्राच्या पदवीधर. थकव्यावर या दोघांनी १९१६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९२० मध्ये तर त्यांनी स्टॉपवॉचवर जाहीर आरोपपत्रच ठेवले. ज्याचे काम मोजले जाते त्याला मोजमाप तपासता येत नसेल तर ते शास्त्र नव्हे, असा त्याचा रोख होता. (१९२४ साली फ्रँक वारले. अकरा मुलांचा संसार सावरीत लिलियनबाईंनी स्वयंपाकघराचा अभ्यास केला. पायाने उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचे श्रेय त्यांना दिले जाते.) अर्थात त्यांना पैसे मालकच देत असत आणि कामाचा वेग वाढवून हवा होता तोही मालकालाच. तथापि कामगाराला त्याचे चित्र दाखविले पाहिजे, हा आग्रह त्यांच्यापाशी होता. त्यांच्यानंतर तो विरत गेला.

क्रांतीनंतरच्या रशियात हीच विद्या वेगळ्या ध्वजाखाली पोहोचली. मॉस्कोत कवी व धातुकामगार अलेक्सेई गास्तेव यांनी केंद्रीय श्रमसंस्था उभारली. हातोडी मारण्याची एकच आदर्श पद्धत शोधून ती लाखो शेतकरी तरुणांना शिकवायची, हा तिचा संकल्प. निकोलाय बर्नश्टाइन या तरुण वैद्याकडे हातोडी व छिन्नीच्या कामाचा अभ्यास सोपविण्यात आला. त्यांनी सांध्यांवर दिवे बांधून अनेक आघात टिपले आणि निष्कर्ष उलटाच निघाला. कुशल कामगाराची हातोडी दर वेळी नेमकी छिन्नीवर पडत होती. पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दर वेळी निराळा होता. एकसारखे दोन आघात नव्हतेच. एका सांध्याची चूक दुसरा सांधा वाटेतच सावरून घेत होता. कौशल्य म्हणजे एका हालचालीची घोकंपट्टी नव्हे, तर तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडविणे. ज्या डोळ्याने माणसाला साच्यात बसवायचे, त्याच डोळ्याने साचा खोटा असल्याची साक्ष दिली! गास्तेव १९३८ साली स्टालिनच्या पोलिसांच्या हाती पडले व त्यांना गोळी घालण्यात आली.

आपल्याकडे ही विद्या स्वातंत्र्यानंतर रीतसर आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ १९५२ च्या अखेरीस भारतात उतरले आणि त्यांनी कापडगिरण्या व यंत्रकारखान्यांतून कार्य-अभ्यासाचे धडे दिले. १९६३ साली त्याच संघटनेच्या साहाय्याने पवईला राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. आमच्या लेथवाल्या गृहस्थांचा घड्याळवाला साहेब याच परंपरेतला.

आता संगणकाकडे वळू. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या सांध्यांवर दहाबारा प्रकाशबिंदू लावून त्याचे अंधारात चित्रीकरण केले. माणूस स्थिर असेतो पाहणाऱ्याला ठिपक्यांचा अर्थहीन पुंजका दिसे. त्याने पाऊल उचलताच क्षणार्धात चालणारा मनुष्य ओळखू येई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने संगणकशास्त्रज्ञांना दिशा दिली. माणूस ओळखण्यास एवढे थोडे पुरत असेल, तर यंत्राला ते का शिकविता येऊ नये?

पण यंत्राला ठिपके कोण दाखविणार? संगणकाला चित्र म्हणजे केवळ अंकांचे चौकोनी शेत. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड हॉग यांनी नळकांड्यांचा माणूस कल्पून तो चित्रातील चालणाऱ्या माणसाशी जुळवून पाहिला. पुढे रिकाम्या खोलीचे चित्र साठवून ठेवायचे, नव्या चित्रातून ते वजा करायचे आणि उरेल तो माणूस, अशी युक्ती रूढ झाली. मात्र सावली पडली तरी यंत्र फसे. १९९२ साली जपानी संशोधकांनी टेनिसचे सहा फटके यंत्राकडून ओळखविले. त्याच सुमारास केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत कर्मचारी छातीवर एक बिल्ला लावीत. तो दर पंधरा सेकंदांनी अदृश्य प्रकाशाने आपली खूण सांगे, म्हणजे कोण कोणत्या खोलीत आहे हे कळे. बिल्ला निदान काढून खणात ठेवता येत असे. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कॅमेरा, ध्वनिग्राहक व कळफलक यांच्या आधारे कचेरीतील माणूस फोनवर आहे, समोरच्याशी बोलतो आहे की जागेवर नाही, हे ओळखणारी व्यवस्था केली. कामात असलेल्याला व्यत्यय कधी आणू नये हे यंत्राला कळावे, असा त्यामागचा सद्हेतू होता.

गेल्या पंधरा वर्षांत चित्र पालटले. असंख्य छायाचित्रांवर माणसांनी खांदा, कोपर, गुडघा यांवर खुणा करून दिल्या आणि त्या पाहून यंत्र शिकले. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी साध्या कॅमेऱ्यातून एकाच वेळी अनेक माणसांचे सांधे तत्काळ दाखविणारी पद्धत प्रसिद्ध केली. मारे यांच्या पट्ट्या, गिलब्रेथ यांचे दिवे, योहान्सनचे ठिपके परत आले. पण आता अंगावर काहीच बांधावे लागत नाही. पूर्वी दिवे बांधताना कामगाराला विचारावे तरी लागे. त्याला कळल्यावाचून ते बांधता येत नसत.

या यंत्राचे भलेही आहे. ओझे उचलताना पाठ धोक्याच्या कोनात वाकली, यंत्राच्या जबड्याजवळ हात गेला, तर ते सावध करू शकते. लेथने बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु त्याची कमजोरीही सांगितली पाहिजे. दोन कामगार एकमेकांआड गेले की त्यांच्या खुणा अदलाबदल होऊ शकतात. खांबाआडून बाहेर आलेला माणूस यंत्राला नवाच वाटू शकतो. प्रयोगशाळेत ही किरकोळ चूक. वेतनाच्या तक्त्यात ती कोणाच्या तरी घरची चूल. शिवाय जागेवर नसलेला माणूस पाणी पिण्यास गेला, की अडलेल्या सोबत्याच्या मदतीस, हे सांध्यांच्या ठिपक्यांवरून कसे कळावे?

२०२५ च्या आरंभी अमेरिकेत एका नव्या उद्योगाने आपल्या यंत्राची जाहिरात करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात मालक पडद्यावर पाहून मागे पडलेल्या कामगाराला जाब विचारतो. त्याला नावाने नव्हे, तर 'सतरा नंबर' म्हणून! लोकांनी झोड उठविली, तेव्हा ती काढून घेण्यात आली. त्याच वर्षी २८ जानेवारीला व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर जे निवेदन काढले, त्यात कामगारांवरील यांत्रिक पाळतीचा स्पष्ट उल्लेख आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या जागी माणसाच्या मनातील भावना ताडणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, बंदी घातली असून ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात मात्र, ज्या कारणांसाठी माणसाची संमती लागत नाही, त्यांच्या यादीत नोकरीच्या कारणांचाही समावेश आहे.

हे सारे मी त्या आजोबा-नातवांना सांगितले. गिलब्रेथ यांच्या तारेच्या आकृत्यांची हकिकत नातवाने दोनदा विचारली. मग म्हणाला, "आमच्या तक्त्याखाली एका साहेबांची सही असते. ते कोण, कुठे बसतात, हे पहिल्यांदा शोधतो. भेटले तर माझे चित्र मला दाखवा म्हणून सांगेन."