छायाचित्रातल्या तिघी आणि पत्रातली एक

मीरा-भाईंदरच्या वर्गांत साहित्य शिकवणाऱ्या आम्हां काही जणांनी एका वर्षी 'ट्रॅडिशनल डे'च्या निमित्ताने भित्तिपत्रकावर एक जुने छायाचित्र लावले होते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात टिपलेले. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'च्या विद्यार्थिनी, आपापल्या देशीच्या वेशात. कोळी लुगड्यातली उत्तनची एक मुलगी आणि घागऱ्यातली मारवाडी घरची दुसरी, अशा दोघी त्या चित्रापाशी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. आम्हांला कोण समाधान! इतक्यात त्यांतल्याच एकीने विचारले, "सर, या तिघी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील?"

इंग्रजीतच, दुसरे काय? पण ती तिघींपैकी एकीचीही मातृभाषा नव्हती. प्रश्न साधा होता. आमच्या समाधानाला मात्र त्याने तडा गेला. वर्गातल्या परक्या विद्यार्थिनीने काय नेसले होते हे त्या चित्रावरून कळते. तिने वर्गाला काय दिले, हे त्यावरून कळण्याजोगे नाही.

ते कळण्यासाठी आनंदीबाईंच्या प्रबंधाकडे जावे लागते. कल्याणची खाडी पुढे घोडबंदरला वळसा घालून भाईंदरच्या पुलाखालून समुद्राला मिळते. त्या कल्याणात बालपण गेलेली ही मुलगी १८८३ साली अमेरिकेत पोहोचली. १८८६ मध्ये तिने पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यात अमेरिकन पाठ्यपुस्तकांबरोबर आयुर्वेदाच्या ग्रंथांचाही आधार होता. या प्रबंधाने तेथील वैद्यक बदलले असे कोणी म्हणू नये. परंतु घ्यायला आलेल्या विद्यार्थिनीने सोबत काही आणले आहे आणि ते तपासण्याजोगे आहे, एवढे तरी परीक्षकांना मान्य करावे लागले. आपल्याकडे आनंदीबाईंची चरित्रे झाली, कादंबरी झाली. प्रबंधाचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो.

याच सुमारास इंग्लंडमध्ये अधिक अवघड प्रश्न उभा राहिला होता. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजच्या मठात पोहोचल्या आणि पुढल्या वर्षी डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. विद्यार्थिनी म्हणून त्यांच्याविषयी कौतुकच होते. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही अशी गोष्ट निघाली, तेव्हा मात्र भारतातील इंग्रज बिशपांनी विरोध केला. अशाने मायदेशी त्यांच्या प्रभावाला बाधा येईल, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे हिंदूंच्या रूढींची काळजी ज्यांनी वाहिली ते इंग्रज, आणि ती ज्यांच्यापुढे मांडली त्या रमाबाई! बीलबाईंना लिहिलेल्या पत्रात रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केले आहे: तरुणांना आईने शिकवावे किंवा आपण शिकवावे यास ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने, आणि ती घेतात कोण, तर इंग्रज लोक. हे वडील म्हणजे पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेणारे अनंतशास्त्री डोंगरे. दुसऱ्याच्या संस्कृतीचा 'आदर' करता करता त्या संस्कृतीतल्या जित्याजागत्या माणसालाच गप्प बसवता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांला दुसरे आठवत नाही. ए. बी. शाह यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ पासून छापील उपलब्ध आहे. तो इंग्रजीत असल्याने मराठीच्या वर्गात जात नाही, ही आपली सोयीची सबब.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पुढल्या वर्षी, २६ फेब्रुवारीस, आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्याच १८८७ साली रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' निघाले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची आहे. एका विद्यार्थिनीचे बोट धरून आलेल्या दुसरीचे पुस्तक आधी त्यांनी वाचले आणि मग आपल्या देशाला वाचायला दिले.

भित्तिपत्रकावरचे छायाचित्र आम्ही काढलेले नाही. शेजारी त्या पत्राचा गोषवारा तेवढा लावला. आणि पुढल्या खेपेस उत्तनच्या मुलीकडे लुगड्याऐवजी एक तास मागितला. तिने तो वारा, भरती-ओहोटी आणि मासळी यांच्या कोळी शब्दांवर घेतला. मागल्या बाकावर बसून आम्ही लिहून घेत होतो. त्यांतले बरेच शब्द आमच्या शब्दकोशात नव्हते. दोन-तीनदा आमचा उच्चार चुकला, तेव्हा तिने तो दुरुस्त केला आणि पुन्हा म्हणायला लावला.